दुकानाचा दरवाजा आणि दुकानदाराचा जमीर

नवी मुंबईत लग्नसराईचा धंदा दरवर्षी वाढत आहे. वाशी, नेरूळ, खारघरपासून पनवेलपर्यंत हॉल, लॉन आणि हॉटेले उभी राहिली आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी येथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने सुरू झाली. तेव्हापासून बाहेरगावच्या व परदेशी पाहुण्यांची लग्ने इकडे वळतील, असे बाजारात बोलले जाते. या लग्नांच्या मागे जे हात राबतात त्यांत आपल्या समाजाचे हात थोडे नाहीत. शेरवानी शिवणारे, जरदोजीचे कारागीर, मेंदी काढणाऱ्या भगिनी, बिर्याणीचे आचारी, बँडवाले, मंडपवाले, बांगडीवाले, सगळे याच हंगामावर वर्षाचा हिशेब जुळवतात.

अशा वेळी एक प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहिला आहे. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया आपसांतील विवाहासाठी कपडे घ्यायला किंवा जेवणाची ऑर्डर द्यायला आल्या, तर मुसलमान दुकानदाराने काय करावे? हा प्रश्न केवळ अमेरिकेचा आहे असे समजून चालणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये यवतमाळच्या एका हॉटेलात आणि डिसेंबर २०२१ मध्ये नागपुरात असे विवाहाचे व साखरपुड्याचे समारंभ झाले व त्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. अशा समारंभालाही कोणाच्या तरी दुकानातून कापड जाते आणि कोणाच्या तरी भट्टीवर जेवण शिजते.

आमचे मत लपवून ठेवण्याचे कारण नाही. निकाह हा स्त्री आणि पुरुष यांच्यातील करार आहे. चारही फिकही मजहबांत याबाबत मतभेद नाही आणि आमचाही नाही. कोणत्याही न्यायालयाच्या निकालाने आपला हा अकीदा बदलत नाही. परंतु येथे प्रश्न निकाहाचा नसून दुकानाचा आहे. आपला अकीदा आणि आपला गल्ला यांचा संबंध कोठे येतो व कोठे येत नाही, हे शांतपणे तपासले पाहिजे. कारण या प्रश्नाचे जे उत्तर आपण इतरांसाठी देऊ, तेच उद्या आपल्यासाठी वापरले जाणार आहे.

कायदा काय सांगतो

भारतीय संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश देताना कोणाही नागरिकाशी केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून भेदभाव होता कामा नये, असे म्हटले आहे. मूलभूत हक्कांची बहुतेक कलमे सरकारला बांधतात. हे कलम मात्र खासगी दुकानदारालाही बांधते. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या कलमावर चर्चा झाली, तेव्हा दुकान म्हणजे नेमके काय असा प्रश्न निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा अर्थ मुद्दाम व्यापक सांगितला. जो कोणी येणाऱ्या प्रत्येकाला आपली सेवा देण्यास तयार होऊन बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. २०११ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच व्यापक अर्थ उचलून धरला. म्हणजे शिंपी, आचारी, छायाचित्रकार हे सगळे या अर्थाने दुकानदारच होत.

६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. त्या खंडपीठातील काही न्यायमूर्तींनी असेही म्हटले की लैंगिक कलावरून केलेला भेदभाव हा कलम १५ मधील ‘लिंग’ या शब्दाखालीच येतो. तृतीयपंथी व्यक्तींसंबंधीच्या २०१९ च्या कायद्याने तर जनतेसाठी खुल्या असलेल्या वस्तू व सेवा त्यांना नाकारण्यास स्पष्ट शब्दांत मनाई केली. दुसरीकडे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि समलिंगी विवाहाला मान्यता द्यायची की नाही हे संसदेने ठरवावे. ९ जानेवारी २०२५ रोजी पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. थोडक्यात, असा विवाह कायद्याच्या दप्तरी नोंदला जात नाही, पण असा समारंभ करणे हा गुन्हाही नाही, आणि तो करणारा माणूस आपल्या दुकानात इतर कोणाही नागरिकाइतकाच गिऱ्हाईक आहे.

मग कलम २५ चे काय, असे कोणी विचारील. त्या कलमाने जमीरचे आणि धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आहे, हे खरेच. परंतु ते कलम सुरूच होते ते अटींनी. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि ‘या भागातील इतर तरतुदी’ यांच्या अधीन राहून हे स्वातंत्र्य आहे. कलम १५ हे त्याच भागात आहे. म्हणजे दुकानाच्या दारात दोन कलमे समोरासमोर आली, तर कोणते वरचढ हे संविधानानेच लिहून ठेवले आहे.

तरीही जमीरला जागा उरत नाही असे नाही. केरळमधील तीन शाळकरी मुलांनी आपल्या धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत गाण्यास नकार दिला. ती आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. १९८६ साली बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. माणसाच्या जिभेवर त्याच्या श्रद्धेविरुद्ध शब्द ठेवता येत नाहीत, हा त्या निकालाचा सारांश. ही जागा लहान आहे, पण पक्की आहे.

बाहेरच्या देशांतील निकाल

आपल्याकडे हा वाद केकच्या किंवा कपड्याच्या दुकानावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला नाही. इंग्लंड-अमेरिकेत तो गेला आहे. तेथील निकाल आपल्याला बांधत नाहीत, पण शिकवतात बरेच.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जॅक फिलिप्स नावाच्या बेकरीवाल्याने २०१२ साली दोन पुरुषांच्या लग्नाचा केक करण्यास नकार दिला. ४ जून २०१८ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण कारण वेगळे होते. राज्याच्या आयोगाने त्याच्या धर्माविषयी तुच्छतेची भाषा वापरली, निःपक्षपातीपणा ठेवला नाही, म्हणून तो निर्णय रद्द झाला. बेकरीवाल्याला गिऱ्हाईक परत पाठवण्याचा सरसकट हक्क न्यायालयाने दिला नाही. ३० जून २०२३ रोजी एका संकेतस्थळ बनवणाऱ्या बाईंच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, जिचे काम शब्द व मजकूर रचण्याचे आहे, तिच्याकडून तिला अमान्य असलेला मजकूर सक्तीने लिहून घेता येणार नाही.

आमच्या मते सर्वांत स्वच्छ निकाल बेलफास्टचा आहे. २०१४ साली तेथील ॲशर्स बेकरीकडे एका गिऱ्हाइकाने समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे घोषवाक्य केकवर लिहून मागितले. बेकरीने नकार दिला. १० ऑक्टोबर २०१८ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बेकरीला निर्दोष ठरवले. बेकरीने माणूस नाकारला नव्हता, वाक्य नाकारले होते. तेच वाक्य इतर कोणी मागितले असते तरी तिने लिहिले नसते. पण तोच केक घोषवाक्याशिवाय मागितला असता आणि गिऱ्हाईक समलिंगी आहे म्हणून दिला नसता, तर निकाल उलटा लागला असता.

आता आपल्याच बांधवांचे उदाहरण घ्या. अमेरिकेतील मिनियापोलिस विमानतळावर टॅक्सी चालवणाऱ्यांत सोमाली मुसलमानांचे प्रमाण मोठे होते. त्यांच्यापैकी काहीजण दारूची बाटली जवळ असलेल्या प्रवाशाला गाडीत घेत नसत. एप्रिल २००७ मध्ये विमानतळ मंडळाने नियम केला: पहिल्यांदा नकार दिला तर ३० दिवस परवाना स्थगित, दुसऱ्यांदा दिला तर दोन वर्षे रद्द. चालक दारू पीत नव्हते, विकत नव्हते. प्रवाशाच्या पिशवीत काय आहे एवढ्यावरून ते रस्त्यावरच्या माणसाला गाडी नाकारत होते. त्यांचा हेतू नेक असेल, पण सार्वजनिक टॅक्सीचा दरवाजा त्यांचा एकट्याचा नव्हता. ज्यांच्या शेजारी आता विमानतळ आला आहे, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आणखी एक जुना निकाल. दक्षिण कॅरोलिनातील एका खानावळवाल्याने आपल्या धर्माचा दाखला देत काळ्या लोकांना टेबलावर बसवून जेवण देण्यास नकार दिला होता. १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हा बचाव पोकळ ठरवून बाजूला सारला. भेदभाव करणाऱ्याला धर्माचा आधार शोधायला फार वेळ लागत नाही, हे यावरून कळावे.

फिकहमधील जुना मसला

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. फिकहच्या किताबांत व्यापाराचा एक मसला वारंवार येतो: जो माणूस द्राक्षाच्या रसाची दारू करणार आहे हे माहीत आहे, त्याला रस विकावा काय? इमाम अबू हनीफा यांच्या मते अशी विक्री जायज आहे. रस ही हलाल वस्तू आहे; पुढे जो बदल होतो तो घेणाऱ्याच्या हाताने होतो व गुनाह त्याचा. त्यांचे शागीर्द इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद यांनी ते मकरूह मानले. शाफई व हंबली फुकहा याहून सख्त आहेत. कोकणातील आपल्या बहुतेक बांधवांचा मसलक शाफई आहे, म्हणून हा फरक त्यांनी आपल्या आलिमांना अवश्य विचारावा.

सांगायचे एवढेच की ‘गुनाहला मदत’ म्हणजे नेमके काय, यावर आपल्या इमामांनी बाराशे वर्षांपूर्वी बारकाईने विचार केला आणि त्यांच्यातही मतभेद राहिला. ज्या प्रश्नावर एवढ्या मोठ्या माणसांनी धीराने वाद घातला, त्यावर आपण बाजारात एका वाक्यात फैसला देऊ नये.

शिवाय आपण रोज काय करतो तेही पाहावे. मिरजेच्या मुसलमान कारागिरांनी केलेल्या तंबोऱ्यांवर कीर्तने होतात. आपले शिंपी आणि जरीवाले पिढ्यान्‌पिढ्या इतर धर्मीयांच्या लग्नांचे व सणांचे कपडे करीत आले आहेत. त्यामुळे कोणाचा ईमान गेला नाही. माल विकणे व कारागिरी करणे वेगळे आणि दुसऱ्याच्या धर्मविधीत सहभागी होणे वेगळे, ही रेघ आपले कारागीर न बोलता रोज ओढत असतात.

आणखी एक कसोटी आहे, ती थोडी कडू आहे. हुंडा घेणाऱ्या नवरदेवाला शेरवानी विकताना आपण हुंड्याची चौकशी करतो काय? हळदीच्या रात्री दारू वाहणार आहे हे माहीत असूनही मंडपाचे कापड देतोच ना? व्याजाने पैसे काढून थाटलेल्या वलीम्याची ऑर्डर कोणी परत केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. बाकी सर्व गुनाहांसमोर झोपलेला जमीर एकाच गिऱ्हाइकासमोर जागा होत असेल, तर तो जमीर नसून निव्वळ नावड आहे. नावडीला धर्माचे नाव देणे धर्मालाही शोभत नाही.

आपले हित कशात आहे

आता मुख्य मुद्द्यावर येतो. धर्माच्या नावाने गिऱ्हाईक, भाडेकरू, नोकर किंवा व्यापारी नाकारण्याची मुभा कायद्याने दिली, तर या महाराष्ट्रात ती सर्वांत जास्त कोणाविरुद्ध वापरली जाईल? उत्तर प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू देऊ नयेत, असा ठराव ग्रामसभेने केला. यात्रेच्या काळात गाव काही व्रते पाळते आणि बाहेरचे मुसलमान व्यापारी ती पाळत नाहीत, असे कारण सांगितले गेले. म्हणजे तेथेही धर्माचरणाचेच नाव होते. प्रशासनाने त्या ठरावाला स्थगिती दिली. ती देताना आधार आला तो समानतेचा, कोणाच्या श्रद्धेचा नव्हे. २०२२ साली कर्नाटकातील मंदिरांच्या जत्रांतूनही आपल्या व्यापाऱ्यांना असेच हटवले गेले. जुलै २०२४ मध्ये कांवड यात्रेच्या मार्गावरील खानावळवाल्यांनी मालकांची नावे पाटीवर लावावीत असे फर्मान निघाले, तेव्हा २२ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन ते थांबवले. मे २०१५ मध्ये मुंबईतील एका हिरे निर्यात कंपनीने एका तरुणाला, आम्ही फक्त बिगरमुस्लिमांनाच नोकरी देतो, असे लेखी कळवले होते. पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला.

घरांची गोष्ट तर सर्वांना माहीत आहे. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा नियम कायम केला. त्या निकालाची सावली आजही फ्लॅट शोधणाऱ्या मुसलमान कुटुंबांवर पडते.

कोणी म्हणेल, मढीत माणूस नाकारला, आम्ही तर कृत्य नाकारतो. हा फरक खरा आहे, पण तो तोंडी सांगून भागत नाही, वागण्यात दिसला पाहिजे. शेरवानी मागणाऱ्याला ‘तुम्हाला नाही’ म्हटले की तेथे माणूसच नाकारला गेला. ‘हे वाक्य मी कोणासाठीच भरत नाही’ म्हटले तर काम नाकारले. पहिला नकार मढीच्या ठरावाच्या पंक्तीत जाऊन बसतो, दुसरा बिजो इमॅन्युएलच्या मुलांच्या बाजूला उभा राहतो.

व्यवहारात काय करावे

दुकानात तयार माल आहे तो मागेल त्याला विकावा. कोणासाठी व कशासाठी घेता ही चौकशी करूच नये. दुसऱ्याच्या खासगी गोष्टी उकरून काढण्याला आपल्या दीनमध्येही मनाई आहे. मापे घेणे, शिवणे, जेवण रांधून पोचवणे ही कारागिरी आहे. तीही सर्वांना एकाच दराने द्यावी. एखादा मजकूर, घोषणा किंवा चिन्ह आपल्या हाताने भरणे जमीरला मान्य नसेल तर तेवढेच काम नाकारावे, आणि तो नियम सर्वांना सारखा लावावा, आधीच लिहून ठेवावा. विधी चालवण्याची सक्ती कोणावर नाही. काझीला किंवा भटजीला कोणताही कायदा ओढून नेत नाही.

नकार द्यावाच लागला तर अदबीने द्यावा, चारचौघांत नव्हे, आणि काम करणारा दुसरा कारागीर सुचवावा. गिऱ्हाइकाची गोष्ट बाजारात पसरवू नये; तो गीबतचा गुनाह आहे आणि धंद्याचा नाशही. अशी मुले-मुली प्रत्येक समाजाच्या घरांत असतात, आपल्याही. हॉटेले व समारंभ कंपन्यांचे करार सही करण्याआधी वाचून घ्यावेत. आपल्याला न पटणारी अट असेल तर ती आधी बोलून ठरवावी; आगाऊ रक्कम घेऊन ऐनवेळी मागे फिरणे ही वचनभंगाची वेगळी बाब झाली.

शेवटी मागणीची गोष्ट. सच्चर समितीने २००६ साली समान संधी आयोगाची शिफारस केली होती. घर, नोकरी व बाजार यांतील भेदभावावर दाद मागता येईल असा सर्वंकष कायदा देशात अजून झालेला नाही. कलम १५ (२) आहे, पण दुकानाच्या दारातून परत पाठवलेल्या माणसाने त्याचा कागद घेऊन कोणत्या खिडकीवर जावे हे कोणी सांगत नाही. अस्पृश्यतेवरून माल किंवा सेवा नाकारणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले, तसे संरक्षण इतरांना नाही. हा कायदा झाला तर सर्वांत मोठा आधार आपल्या व्यापाऱ्याला, भाडेकरूला व कारागिराला मिळणार आहे. पण ज्या कायद्याच्या दारातून आपल्याला आत जायचे आहे, त्यातून दुसरा कोणी येऊ नये अशी अट आपल्याला घालता येणार नाही. आपल्या व्यापारी संघटनांनी हा विचार करावा, आलिमांना व वकिलांना एकत्र बसवून कारागिरांसाठी एक साधी नियमावली तयार करावी आणि पुढच्या लग्नसराईच्या आत ती उर्दू-मराठीतून प्रत्येक दुकानात पोचवावी.